उरलेल्या दिवसांचं वाण

आई, मी दमलोय. रडून नाही, रडणं मला तुमच्या लेकीसारखं जमत नाही. आल्या-गेल्याला चहा देऊन आणि तुमच्या घरातल्या वस्तूंचे खुलासे करून दमलोय. बसवनगुडीच्या तुमच्या घरी जो भेटायला येतो तो आधी मान खाली घालून बसतो, शेवटी त्रास झाला नाही ना, असं विचारतो, आणि मग त्याची नजर हळूच भिंतींवरून फिरायला लागते. हे काय आहे? ते कोपऱ्यात जाळीसारखं लटकतंय ते काय? तुमच्या शाळेतल्या एका जुन्या बाईंनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, मिस कुठल्या पंथात वगैरे होत्या का. मी म्हणालो, नाही हो, त्यांना मेक्सिकोकडच्या माया लोकांची फार आवड होती. त्यावर त्या म्हणाल्या, म्हणजे ते संपून गेलेले? मी चहा आणायला आत गेलो. तुम्ही असतात तर त्या बाईंना तासभर उठू दिलं नसतं. माझ्या अंगात आता तेवढी ताकद नाही.

रोहिणी म्हणते, आईवर काहीतरी लिही, इथल्या मराठी मंडळाच्या अंकात देऊ. तुमचा जन्म, बेळगाव, भूगोलाच्या बाई म्हणून गेलेली वर्षं, ते सगळं ती लिहिणार आहे. लेकीने आईवर लिहायचं म्हणजे सरळ रस्ता असतो. जावयाने सासूवर काय लिहायचं? आपल्यात एकमेकांना 'अहो-जाहो' करण्याइतकं अंतर शेवटपर्यंत राहिलं, आणि त्या अंतरातच आपण इतकी वर्षं मजेत भांडलो. एक भांडण अर्धं राहिलंय. तुम्ही उठून गेलात, मी पाटावरच आहे.

आपली ओळख लग्नात झाली असं म्हणायला पाहिजे, पण खरी झाली ती त्या ताटलीपासून. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी कंपनीने मला पहिल्यांदा मेक्सिकोत ग्वादालाहाराला पाठवलं. रोहिणी म्हणाली, आईसाठी मायांचं काहीतरी आण, तिला वेड आहे. मी नागपूरचा, शहराच्या दुसऱ्या टोकाला के. आर. पुरमला राहणारा, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूस. माया म्हणजे, एकदा जग बुडणार म्हणून टीव्हीवर ज्यांच्या नावाने आरडाओरडा चालला होता ते, एवढीच माझी माहिती. परतताना विमानतळावरच्या दुकानात एक दगडी ताटली दिसली. मधोमध जीभ बाहेर काढलेला चेहरा, भोवती गोल गोल नक्षी. दुकानदार म्हणाला, हे त्यांचं कॅलेंडर. मी ती घेतली आणि स्वतःवर बेहद्द खूश होऊन तुमच्याकडे आलो.

तुम्ही ताटली उलटीसुलटी करून पाहिलीत. "छान आहे की ओ," म्हणालात. "पण हे मायांचं नव्हे. अझ्टेकांचं."

मला फरक कळला नाही हे माझ्या तोंडावर दिसलं असणार. तुम्ही मला भिंतीवरच्या नकाशापाशी उभं केलंत आणि बोट ठेवून दाखवलंत, हे इथले, ते तिथले, आणि मधे अंतर केवढं. कुणी म्हैसूर बघायला यावं आणि आठवण म्हणून लाल किल्ल्याचं चित्र घेऊन जावं, तसं झालं म्हणालात. जावयाच्या पहिल्याच भेटवस्तूत खोट काढणारी सासू मी ऐकलीसुद्धा नव्हती. मला चांगलाच राग आला होता. पुढच्या खेपेला आलो तर ताटली स्वयंपाकाच्या ओट्यावर, आणि तिच्यावर गरम कुकर. मी पाहतच राहिलो, तर तुम्ही म्हणालात, रोज हाताशी असते, आणखी काय पाहिजे. ती अजून तिथेच आहे. काल तिच्यावर चहाचं पातेलं ठेवताना मला हसू आलं आणि तेरावा नुकताच झालेल्या घरात जावई हसतो म्हणून खालच्या मजल्यावरच्या सरोजक्कांनी माझ्याकडे टवकारून पाहिलं.

त्यानंतर मी इरेला पेटलो. दर खेपेला तुमच्यासाठी काहीतरी आणायचं आणि या बाईंकडून पास व्हायचं. हिरव्या दगडाचा मुखवटा आणला, तो काचेचा निघाला. साखरेची कवटी आणली, तिला मुंग्या लागल्या. कोकोच्या बिया आणल्या. त्या तुम्ही भाजून, पाट्यावर वाटून, गूळ न घालता, उकळून गल्लीतल्या सगळ्यांना कपात दिल्यात. सरोजक्कांनी भिडेखातर अख्खा कप प्यायला आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही म्हणून तुमच्याकडेच तक्रार घेऊन आल्या. एका सहकाऱ्याकरवी माया मुलखातल्या मेरिदाहून मागवलेला दोऱ्यांचा झुला तेवढा पहिल्या फटक्यात पास झाला. भेटायला येणाऱ्यांना कोपऱ्यात जाळी लटकल्यासारखी दिसते ती म्हणजे हा झुला. दुपारी तुम्ही त्याच्यात आडव्या व्हायच्यात आणि गुडघेदुखी विसरलात की आम्हालाही फोन करून विसरायला सांगायच्यात.

बाकीचे लोक तर तुम्हाला प्रवासाची आवड आहे म्हणून काय काय द्यायचे. मानेची उशी, पासपोर्टचं पाकीट, घडी होणारी पाण्याची बाटली, बॅगेला बांधायचे पट्टे. तुम्ही तोंडभर कौतुक करून सगळं घ्यायच्यात आणि माणूस गेटबाहेर पडला की कपाटावर टाकायच्यात. प्रवासाला जाणाऱ्याला आणखी सामान कशाला देतात, हे तुम्हाला कधी कळलं नाही. मायांच्या हरवलेल्या जगाबद्दलचं एक भलंमोठं चित्रांचं पुस्तकही कुणीतरी दिलं होतं. ते तुम्ही माझ्यासमोर उघडलंत आणि पहिल्याच पानावर मिटलंत.

"हरवले कुठं? मी त्यांच्याकडं जेवून आले की."

खरंच आला होतात. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा प्रवासी कंपनीबरोबर गेलात, देवळं आणि पायऱ्यापायऱ्यांचे मनोरे बघून आलात आणि म्हणालात की दगड झाले, माणसं राहिली. दुसऱ्यांदा एकट्याच गेलात आणि युकातानमधल्या एका गावात मार्ता नावाच्या बाईकडे उतरलात. ती घरातली एक खोली पाहुण्यांना देते, त्यांना जेवायला घालते आणि उरलेल्या वेळात कापडावर भरतकाम करते. तिकडे मोठ्या बाईला मानाने दोन्या म्हणतात. तुम्ही तिची मार्ताक्का करून टाकलीत. ती चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याच्या भाकरी थापायची, तुम्ही शेजारी बसून जोंधळ्याच्या भाकरीसारख्या मोठ्या थापायला जायच्यात आणि त्या मोडायच्या. तिची भाषा मायांची, आणि थोडं स्पॅनिश. तुमच्याकडे मराठी, कन्नड आणि शाळेतलं इंग्रजी. परत आल्यावर मी विचारलं, बोललात तरी कसं? तुम्ही म्हणालात, स्वल्प ती बोलली, स्वल्प मी बोलले, राहिलेलं चुलीनं ऐकलं.

तिसऱ्यांदा जायचं ठरलं तेव्हा तुम्ही मला बोलावून सांगितलंत की यंदा तिकडचं काही आणायचं नाही, इथलं काहीतरी न्यायला द्या. त्या एका वाक्यात माझा इतक्या वर्षांचा अभ्यास निकालात निघाला. मी गांधीबाजारात एका जुन्या कापडाच्या दुकानात गेलो आणि गुळेदगुड्डचे खण काढायला सांगितले. दुकानदाराने विचारलं, कुणासाठी? मी म्हणालो, मेक्सिकोत आमच्या एक अक्का आहेत. त्याने वर न बघता कन्नडात 'सरी', म्हणजे बरं, म्हटलं, फिके रंग बाजूला सारले आणि गडद पुढे केले, लांब जायचंय ना म्हणाला. ते खण मी तुमच्यापुढे ठेवले. तुम्ही एकेक उलगडून काठ पाहिला, बोटाने चाचपला, आणि म्हणालात, "हां. आता कळलं तुम्हाला." एवढंच. पगारवाढीच्या पत्रानेही मला कधी इतकं बरं वाटलं नव्हतं.

तेव्हापासून मला कुणी ऑफिसात विचारलं की अमक्याला मायांचं वेड आहे किंवा तमका सारखा फिरत असतो, त्याला काय द्यावं, तर मी सांगतो की त्याला त्या लोकांची वस्तू देऊ नका, त्या लोकांना देण्यासाठी आपली वस्तू द्या. समोरच्याला वाटतं मी थट्टा करतोय, आणि तो मानेची उशी मागवतो.

त्या खणांचा फोटो रोहिणीने आता तुमच्या फोटोशेजारी लावलाय. मार्ताक्का बुटक्या स्टुलावर बसलीय, अंगात तिचा तो फुलाफुलांचा भरलेला झगा, आणि तुम्ही वाकून तिची ओटी भरताय. खण, नारळ आणि मका. तांदूळ मिळाले नसते असं नाही. पण त्यांच्या जुन्या गोष्टीत देवांनी माणूस मक्याच्या पिठाचा केला, मग त्यांची ओटी तांदळाने कशी भरायची, असं तुमचं म्हणणं. तिला पदर नाही, म्हणून तिने झग्याचा घेर पसरला. हे काय चाललंय हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं, तरी ओटी भरून झाल्यावर तिने त्यातले मूठभर दाणे उचलून तुमच्या पदरात परत टाकले. हे सांगताना तुमचा आवाज दरवेळी भरून यायचा. मी दरवेळी पाणी प्यायला उठायचो.

मग रविवारचे फोन सुरू झाले. आपली संध्याकाळ, त्यांची सकाळ. मला कामापुरतं स्पॅनिश येतं म्हणून मला दुभाषा नेमलंत. तुम्ही मराठीत बोलायचं, मी स्पॅनिशमध्ये सांगायचं, मार्ताक्काच्या मुलीने ते माया भाषेत सांगायचं, आणि उत्तर त्याच वाटेने उलट यायचं. 'कोंबड्या बऱ्या आहेत का' एवढं विचारून उत्तर यायला चहा गार व्हायचा. आठवडाभर कामाच्या फोनवर बसून पुन्हा रविवारी हेच, म्हणून मी कुरकुरत यायचो. रोहिणी म्हणायची, नको येऊस मग. पण मेट्रो बदलून मी यायचोच, आणि फोन झाल्यावर जेवूनच जायचो.

आता भांडणाकडे येतो.

माया लोकच का, असं तुम्हाला सगळे विचारायचे आणि तुम्ही प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायच्यात. मला दिलेलं उत्तर असं होतं. त्यांचे महिने वीस दिवसांचे. असे अठरा महिने झाले की वर्षाचे पाच दिवस उरतात. ते कुठल्याच महिन्याचे नाहीत. जुनी माणसं त्या पाच दिवसांत घराबाहेर पडायची नाहीत, केस विंचरायची नाहीत, नवीन काही हाती घ्यायची नाहीत. आपल्याकडे तर अख्खा महिनाच उरतो, अधिक महिना, त्यातही लग्न नाही, मुंज नाही. "उरलेल्या दिवसांना भिऊन त्यांनी दार लावून घेतलं," तुम्ही म्हणालात. "आपण काय केलं सांगा? आपण ते दिवस जावयाला दिले."

गोष्ट म्हणून मला हे फार आवडलं. पण त्याचा रोख माझ्याकडे होता. आमच्या लग्नानंतरचा पहिला अधिक महिना आला तेव्हा तुम्ही तेहतीस अनारसे, दिवा लावलेलं ताम्हन आणि पाय धुवायला परात अशी तयारी मांडून बसला होतात, आणि मी चप्पल घालून गेटबाहेर उभा राहिलो होतो. मी म्हणालो होतो, मला देव करू नका, हे मला जमणार नाही. मला ते अजूनही पटत नाही, आई, आणि तुम्ही गेलात म्हणून पटलं असं खोटं मी लिहिणार नाही. आमच्या आत्याच्या सासरी याच महिन्यात जावयाचा मान म्हणून काय काय मागितलं गेलं आणि आजोबांनी ते कसं उभं केलं, हे मी लहानपणी पाहिलंय. त्या परातीकडे पाहिलं की मला आजोबा दिसतात.

तुम्ही परात उचललीत, पाय धुणं कायमचं सोडलंत. अनारसे गल्लीत वाटलेत. पण वाण घ्याच, ही मागणी काही सोडली नाहीत. पुढच्या प्रत्येक अधिक महिन्यात पुन्हा तेच, आणि प्रत्येक वेळी मी नाही म्हणालो. गेल्या अधिकात मात्र तुम्ही चिडलात.

"मी काय तुमच्यावर उपकार करतेय? तुम्ही दर खेपेला माझ्यासाठी बॅग भरून आणतासा, मी घेते की. माझी पाळी आली की तुम्ही सुधारक होतासा. द्यायचं ते कायम तुम्हीच, असं कसं चालंल?"

नशीब, तेवढ्यात ऑफिसचा फोन आला आणि मी तो घेऊन बाहेर गेलो. त्या रविवारी तुम्ही मार्ताक्काला सांगितलंत, माझा जावई काही म्हणून घेत नाही, आणि ते मलाच भाषांतर करायला लावलंत. मी इमानदारीत केलं. पलीकडून मुलीने विचारलं, कुठला जावई? मी म्हणालो, मीच तो. त्या दोघी इतक्या हसल्या की फोन कुणीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. तुम्ही पण हसलात. मी नाही.

यंदा पुन्हा अधिक महिना. तुम्हाला हॉस्पिटलमध्ये ठेवलं तेव्हा तो यायला थोडेच दिवस उरले होते. तुमचं हृदय थकलंय, असं डॉक्टर म्हणायचे, आणि मला वाटायचं, आमचंही. घर, हॉस्पिटल, ऑफिस, पुन्हा हॉस्पिटल. त्यात कंपनीने मला पुन्हा ग्वादालाहाराला जायला सांगितलं होतं आणि ते कुणाच्या तरी गळ्यात घालायच्या खटपटीत मी होतो. विमान म्हटलं की माझी पाठ दुखायला लागते. तुमच्यासाठी प्रवास म्हणजे जीव की प्राण, माझ्यासाठी ती बाहेरगावची ड्यूटी. त्या दुपारी रोहिणी औषधं आणायला खाली गेली होती. तुम्ही मला खुर्ची जवळ ओढायला सांगितलंत.

"यंदा वाण मी ठरवलंय," तुम्ही म्हणालात. "अनारसे नाहीत, ताम्हन नाही. तुम्ही मार्ताक्काकडं जायचं आणि पोटभर जेवायचं. तेच माझं वाण."

मी म्हणालो, आई, ग्वादालाहारा कुठे आणि युकातान कुठे. इथून दिल्लीला जाण्याइतकं लांब आहे ते. तुम्ही मला भूगोल शिकवू नका म्हणालात. मी म्हणालो, तुम्ही बऱ्या व्हा, आपण बरोबर जाऊ. ते तुम्हाला मुळीच आवडलं नाही. आजारी माणसाला लोक जसं बोलतात तसं मी बोललो होतो, आणि आपल्यात तसं बोलायची पद्धत नव्हती.

"हो की नाही, तेवढं सांगा."

नर्स आली. तिने पडदा ओढला, मला बाहेर बसायला सांगितलं. मी बाहेर बसलो आणि मोबाईल काढून मेल बघत राहिलो. पुन्हा आत आलो तेव्हा तुमचा डोळा लागला होता. मी उठवलं नाही. उद्या सांगू असं मनाशी म्हणालो, आणि खरं सांगायचं तर उद्या काय सांगणार होतो ते मला तेव्हा माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुम्हाला आयसीयूत हलवलं.

तुम्ही गेल्यावरच्या पहिल्या रविवारी मार्ताक्काचा फोन आला तो मी घेतला नाही. रोहिणीने वाजू दिला. फोन थांबल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं, ते तुमचंच पाहणं होतं. दिवस होऊ देत, तेराव्यानंतर सांगू, असं मी म्हणालो. तेरावाही झाला.

मधल्या दिवसांत मी आणि रोहिणी एका वेगळ्याच विषयावर डोकं शिणवत होतो. समजा गेलोच, तर न्यायचं काय? मैत्रीण गेली हे सांगायला जाणारा माणूस हातात काय घेऊन जातो? रोहिणी म्हणाली, आईची इरकल ने, जांभळी. मी म्हणालो, गेलेल्या माणसाची साडी तिकडे चालते की नाही, कुणाला ठाऊक. मग तुमचा शाळेतला नकाशा? तो तिथे कुठे लावणार? मार्ताक्काने भरतकाम करून तुम्हाला दिलेला रुमालच परत न्यावा, असंही निघालं आणि ते आम्हा दोघांनाही एकदम नको वाटलं. परत करणं म्हणजे हिशोब मिटवणं. शेवटी मी गांधीबाजारात त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने ओळखलं, खण काढले, या वेळी गडद बाजूला ठेवून फिके पुढे केले. गल्लीतली बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. मी बराच वेळ बसलो आणि काहीच न घेता उठलो. इतकी वर्षं तुमच्यासाठी वस्तू निवडल्या. काय न्यावं हे कधी इतकं अडलं नव्हतं. आणि हेही लिहून टाकतो की न्यायला काही सुचलंच नाही तर जायचं आपोआप टळेल, असं माझ्या मनात कुठेतरी होतं. तुम्ही ते ओळखलं असतंत.

या रविवारी मी स्वतः फोन लावला. तुमच्याच घरातून, तुमच्याच खुर्चीत बसून, कारण दुसरीकडे बसून बोलायची मला सवय नाही. माझं स्पॅनिश ऑफिसचं. सर्व्हर बंद पडलाय, काम लांबणार आहे, आम्ही दिलगीर आहोत, हे मला झोपेत बोलता येतं. माणूस गेला हे नीट कसं सांगतात ते कधी शिकलोच नाही. मी म्हणालो, आई गेल्या. मुलगी म्हणाली, कुठे? तिला वाटलं, प्रवासाला. मग मला मेल्या हाच शब्द वापरावा लागला. तुमच्याबद्दल तो शब्द मी पहिल्यांदा परक्या भाषेत उच्चारला, आणि तिथे मला रडू आलं, आई. इतक्या दिवसांत आलं नव्हतं ते तिथे आलं. रोहिणीने पाठीवर हात ठेवला.

पलीकडे मुलीने ते आईला सांगितलं. मग मार्ताक्का बोलायला लागली, थेट तिच्या भाषेत, सावकाश, आणि मुलीने मधे भाषांतर केलं नाही. ती तुमच्याशी बोलत होती, माझ्याशी नाही, एवढं मला कळलं. मी फोन तुमच्या फोटोकडे धरला. वेड्यासारखं वाटेल, पण रोहिणीनेही अडवलं नाही. बोलणं संपल्यावर प्रश्न आले. दुखलं का? जवळ कोण होतं? शेवटचं काय खाल्लं? मी म्हणालो, नाचणीची आंबील. आंबील म्हणजे काय हे सांगता सांगता आम्ही सगळे जरा सावरलो.

मग मी विचारलं की मी पुढच्या महिन्यात तुमच्या देशात येतोय, तुमच्यासाठी काय आणू? ते शब्द तोंडातून निघून गेल्यावर मला कळलं की मी जाणार असल्यासारखं बोललोय. मुलीने आईला सांगितलं. उत्तर लगेच आलं.

"आई विचारते, तू तो काही न घेणारा जावई ना?"

मी म्हणालो, तोच.

"मग काही आणू नकोस. त्या आणायच्या, कारण त्या मैत्रीण होत्या. तुमच्यात उरलेल्या महिन्यात जावयाला जेवायला बोलावतात, असं त्यांनी आईला सांगितलंय. आई म्हणते, आता तो महिना आहे ना? मग त्यांच्याऐवजी ती बोलावतेय. येतोस का?"

हे तुम्ही तिला केव्हा सांगितलंत? माझ्या तोंडून तर नाही. चुलीपाशी बसून, कुठल्या भाषेत, ते तुम्हा दोघींनाच माहीत. रोहिणी माझ्याकडे बघत होती. कुठलाही फोन मधे वाजला नाही, पडदा ओढायला कुणी आलं नाही. "हो, येतो," मी म्हणालो. स्पॅनिशच्या आधी मराठीच बाहेर पडलं. तुम्हाला द्यायचा होता तो होकार तिला दिला, एवढा उशीर झालाच. पाय धुणं मला अजूनही मान्य नाही. जेवण मान्य आहे.

मुलगी भाषांतर करायला लागली, तर मार्ताक्काने तिला थांबवलं. तिला कळलं होतं. तिने मागून काहीतरी विचारलं, आणि मुलगी हसून म्हणाली, आईला आत्ताच ठरवून ठेवायचंय, तू एका वेळेला भाकरी किती खातोस?

मला सांगता येईना, आई. रविवारी तुमच्याकडे जेवताना मी कधी मोजल्याच नाहीत. तुम्ही वाढत होतात.